मामांच्या रिपोर्टमधले सहा पॉझिटिव्ह

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं म्हणून मामांचं रक्त तपासलं. साखर बरी निघाली, बीपी बरं निघालं, आणि पांढऱ्या पेशी निघाल्या ३८,०००. असायला हव्यात चार ते अकरा हजारांच्या दरम्यान. ताप नाही, खोकला नाही, जेवण व्यवस्थित, सकाळचं फिरणं चालू. सांगलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, आणखी एक नळी रक्त काढून पुण्याला पाठवलं आणि चार दिवसांनी दोन पानांचा रिपोर्ट मामांच्या व्हॉट्सॲपवर येऊन पडला. पाचव्या मिनिटाला मला फोन.

“अगं, सहा पॉझिटिव्ह आहेत. कोविडच्या वेळी एक पॉझिटिव्ह आलं तर तुझ्या मामीनं मला माडीवर कोंडलं होतं. आता सहा!”

मी रक्ताच्या लॅबमध्येच काम करते. असे रिपोर्ट रोज हाताखालून जातात, पण ते आम्ही डॉक्टरांसाठी लिहितो. ज्याचं रक्त आहे तो माणूस हे पान वाचून काय समजेल, याचा विचार मी त्या फोनपर्यंत कधी केला नव्हता. मामांचा रिपोर्ट होता फ्लो सायटोमेट्रीचा, म्हणजे पेशींच्या अंगावरच्या खुणा मोजणाऱ्या तपासणीचा, आणि खाली निदान लिहिलं होतं क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा संथ कॅन्सर. आम्ही सगळे त्याला सीएलएल म्हणतो.

पहिली गोष्ट त्या ‘पॉझिटिव्ह’ची. कोविडमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू सापडला. इथे पॉझिटिव्ह म्हणजे पेशीच्या अंगावर एक विशिष्ट प्रथिन सापडलं, एवढंच. तुमच्या-माझ्या निरोगी रक्तातल्या पेशीही अशा डझनभर प्रथिनांना पॉझिटिव्ह असतात. सीडी१९ हे अशाच एका प्रथिनाचं नाव; ते पॉझिटिव्ह याचा अर्थ ‘ही बी-लिम्फोसाइट, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या कुळातली पांढरी पेशी आहे’. त्यात वाईट काही नाही. रिपोर्टमध्ये काही ओळी पेशीची ओळख सांगतात, काही ओळी तिचा स्वभाव सांगतात, आणि काही ओळी औषध कुठे पकडेल ते सांगतात. या तीन प्रकारांची सरमिसळ झाली की घरात घबराट होते.

‘क्रॉनिक’ शब्दाचंही तसंच. ॲक्यूट ल्युकेमियात कच्च्या, अर्धवट वाढलेल्या पेशी झपाट्याने वाढतात आणि दिवसांत किंवा आठवड्यांत माणूस आडवा होतो. क्रॉनिक आजारात पेशी दिसायला पूर्ण वाढलेल्या असतात आणि आजार वर्षानुवर्षं सावकाश चालतो. त्यातही सीएलएल आणि सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) हे वेगवेगळे आजार. सीएमएलमध्ये लिम्फोसाइट वाढत नाहीत, दुसऱ्या कुळातल्या पेशी वाढतात. त्याच्यावर २००१ पासून इमॅटिनिबची गोळी आहे. शेजारच्या काकूंना ज्या गोळीने बरं वाटलं ती मामांना चालणार नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात तीन नातेवाइकांना सांगावं लागलं.

आता ओळख का पटवावी लागते ते बघू. मामांच्या रक्ताची काचपट्टी मी मागवून घेतली. मायक्रोस्कोपखाली एकामागून एक छोट्या गोल पेशी दिसतात: गडद जांभळं केंद्रक, भेगाळलेल्या ढेकळासारखं, आणि भोवती फिकट निळी बारीक किनार. मधेमधे काही पेशी चिरडलेल्या, फिसकटलेल्या कुंकवासारखे डाग. या डागांना स्मज सेल म्हणतात. सीएलएलच्या पेशी नाजूक असतात, काचेवर रक्त पसरवतानाच फुटतात. गुम्प्रेख्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून जुनी माणसं त्यांना गुम्प्रेख्टच्या सावल्या म्हणतात. मला हे नाव आवडतं.

पण सावल्यांवरून निदान होत नाही. दुसऱ्या आजारांतही थोड्याफार दिसतात. आणि लिम्फोसाइटची पंचाईत अशी की सगळ्या एकसारख्या दिसतात. टी पेशी, बी पेशी, सज्जन पेशी, बिघडलेली पेशी, सगळ्या गोल आणि जांभळ्या. एखाद्या व्हायरल तापातही लिम्फोसाइट वाढतात. म्हणून चेहरा सोडून अंगावरच्या खुणा बघायच्या.

या खुणा बघण्याचं साधन १९७५ मध्ये हाती आलं. केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी हव्या त्या एकाच लक्ष्याला चिकटणारी अँटिबॉडी हवी तितकी बनवण्याची युक्ती शोधली; तिला मोनोक्लोनल अँटिबॉडी म्हणतात. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. युक्ती कळल्यावर जगभरच्या लॅब धडाधड अँटिबॉडी बनवू लागल्या आणि प्रत्येकीने आपापलं बारसं केलं. एकाच प्रथिनाला चार देशांत चार नावं. शेवटी १९८२ मध्ये पॅरिसला बैठक भरली. एकाच प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडींचा एक गठ्ठा करायचा आणि त्या गठ्ठ्याला एक क्रमांक द्यायचा, असं ठरलं. इंग्रजीत तो गठ्ठा म्हणजे क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन, थोडक्यात सीडी. आज ही यादी ३७० च्या पुढे गेली आहे.

मामांचा जन्म आरटीओत कारकुनी करण्यात गेला. त्यांना मी म्हटलं, “मामा, हे एमएच-१० सारखं आहे. एमएच-०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे. नंबर मोठा म्हणून गाडी मोठी होत नाही.”

“म्हणजे सीडी२०० हे सीडी५ च्या चाळीसपट वाईट नाही?”

त्यांनी खरोखरच हिशेब केला होता.

आता मशीन. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतात. त्यात ते गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. नळी बर्फात ठेवायची नाही, साध्या तापमानाला ठेवायची आणि शक्यतो चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत लॅबमध्ये पोचवायची. या पेशी जिवंतच तपासायच्या असतात. नळी आली की तिचे छोटे भाग करतात आणि प्रत्येकात चार-पाच किंवा आणखी जास्त अँटिबॉडी घालतात. प्रत्येक अँटिबॉडीला चमकणाऱ्या रंगाची वेगळी शेपटी जोडलेली असते. ज्या पेशीवर सीडी५ आहे तिला सीडी५ ची अँटिबॉडी चिकटते आणि तो रंग तिच्यावर बसतो. मग तांबड्या पेशी विरघळवून टाकतात, कारण त्या पांढऱ्यांच्या शेकडो पट असतात आणि सगळं झाकून टाकतात.

उरलेल्या पेशी मशीन एका बारीक धारेतून एकेक करून सोडतं. देवळाच्या रांगेत माणसं चालतात तशा एकामागून एक, फक्त वेग सेकंदाला हजारोंचा. वाटेत लेसरचा झोत. पेशी झोतातून गेली की तिच्या अंगावरचे रंग चमकतात, मशीन प्रत्येक रंगाची चमक मोजतं आणि पडद्यावर एक ठिपका टाकतं.

मामांचा पडदा मी स्वतः बघितला. आडव्या रेघेवर सीडी१९, उभ्या रेघेवर सीडी५. सीडी५ ही मुळात टी पेशीची खूण, सीडी१९ ही बी पेशीची. निरोगी माणसाच्या पडद्यावर टी पेशींचा ढग वर डाव्या बाजूला असतो आणि बी पेशींचा छोटा ढग खाली उजवीकडे. वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे दोन्ही खुणा एकाच पेशीवर असतील तिथे, तुरळक ठिपके. मामांच्या पडद्यावर त्या कोपऱ्यात गच्च ढग होता. टी पेशींपेक्षा थोडा खालच्या पातळीवर, कारण सीएलएलमध्ये बी पेशीवर सीडी५ असतं पण टी पेशीइतकं भरघोस नसतं.

“ट्रॅक्टरवर रिक्षाचा परवाना,” मामा म्हणाले. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

पुढचा प्रश्न: या सगळ्या एकाच पेशीच्या लेकी आहेत का? प्रत्येक बी पेशी स्वतःची अँटिबॉडी अंगावर मिरवते, आणि तिच्यात कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच छोटी साखळी असते. निरोगी रक्तात साधारण सहा कप्पावाल्या आणि चार लॅम्डावाल्या, असा मिसळ जमाव असतो. संसर्गाने बी पेशी वाढल्या तरी मिसळ राहते. मामांच्या त्या ढगातल्या जवळजवळ सगळ्या पेशी कप्पावाल्या होत्या. म्हणजे एकाच पेशीचा वंश वाढलेला आहे. याला क्लोन म्हणतात.

क्लोन सापडला म्हणजे कॅन्सर ठरला, असंही नाही. इथे ५,००० हा आकडा येतो. रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये अशा क्लोनच्या बी पेशी ५,००० किंवा जास्त, आणि त्या किमान तीन महिने टिकून, तर सीएलएल म्हणायचं. त्यापेक्षा कमी असतील, मान-काखेत लिम्फच्या गाठी नसतील, पाणथरी (प्लीहा) वाढलेली नसेल, तर त्या अवस्थेला मोनोक्लोनल बी-सेल लिम्फोसायटोसिस असं लांबलचक नाव आहे. यात काउंट त्यातल्या त्यात जास्त असलेल्यांपैकी दरवर्षी शंभरात एक-दोघांनाच पुढे उपचार लागतात. बाकीचे नुसती तपासणी करत राहतात. आणि रक्तात कमी पण गाठींमध्ये त्याच पेशी भरलेल्या असतील, तर त्याच आजाराला एसएलएल (स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा) म्हणतात. मामांच्या ३८,००० मध्ये ८२ टक्के लिम्फोसाइट, म्हणजे ३१,००० च्या वर. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा जवळपास तेवढ्याच.

आता हा सीएलएलच आहे आणि त्याचा तोतया नाही, हे कसं ठरवायचं? माझ्या मते अख्ख्या रिपोर्टचं खरं काम हेच. सीडी५ आणि सीडी१९ एकत्र मिरवणारा आणखी एक आजार आहे: मॅन्टल सेल लिम्फोमा (लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइटचा, बहुधा गाठींत वाढणारा कॅन्सर). मायक्रोस्कोपखाली कधी कधी तो हुबेहूब सीएलएलसारखा दिसतो, पण बहुतेक वेळा वागतो फार आडदांडपणे आणि त्याचे उपचार वेगळे. दोघांना वेगळं काढायला १९९४ मध्ये लंडनच्या एस्टेला मॅटुटेस आणि सहकाऱ्यांनी साधी गुणपद्धत मांडली. पाच प्रश्न, प्रत्येकी एक गुण. सीडी५ आहे? सीडी२३ आहे? एफएमसी७ नाही ना? पृष्ठभागावरची अँटिबॉडी मंद आहे? सीडी२२ मंद आहे? पुढे या शेवटच्या खुणेच्या जागी सीडी७९बी आलं. चार-पाच गुण मिळाले की सीएलएल. तीनला थांबायचं आणि आणखी तपासायचं. शून्य ते दोन म्हणजे बहुतेक दुसराच कोणी.

मामांना पाचपैकी पाच. लक्षात घ्या, यातले काही गुण ‘निगेटिव्ह’ आणि ‘मंद’ या उत्तरांना मिळतात. सीएलएलमध्ये मंदपणा हीच खूण. सीडी२० मंद, अंगावरची अँटिबॉडी मंद, सीडी७९बी मंद. पेशी आपल्या खुणा दबक्या आवाजात सांगते. मॅन्टल सेलमध्ये हेच सीडी२० झळझळीत असतं, सीडी२३ सहसा नसतं, एफएमसी७ असतं. शिवाय सीडी२०० सीएलएलमध्ये असतं आणि मॅन्टल सेलमध्ये सहसा नसतं, म्हणून हल्ली ते मुद्दाम बघतात. शंका उरली तर ११ आणि १४ क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल आणि सायक्लिन डी१ हे प्रथिन शोधायचं. ते सापडलं की मॅन्टल सेल. सीडी१० पॉझिटिव्ह आलं तर आम्ही फॉलिक्युलर लिम्फोमा या आणखी एका प्रकाराकडे वळतो. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढंच छापून देणारे रिपोर्ट मला अर्धवट वाटतात. किती चमक, हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्या डॉक्टरच्या हातात अर्धीच माहिती जाते.

खुणांनी आयुष्याची दिशा बदलते याचं सगळ्यात देखणं उदाहरण सीएलएलबाहेरचं आहे. हेअरी सेल ल्युकेमिया. मध्यम वयाचा पुरुष, पाणथरी पार मोठी, हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशीही कमी, त्यातल्या मोनोसाइट तर जवळजवळ गायब. बोन मॅरो काढायला सुई घातली तर काहीच वर येत नाही, कारण आत जाळं विणलेलं असतं. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत बर्था ब्युरोन्कल यांनी या रुग्णांना बाकीच्या ल्युकेमियांतून वेगळं काढलं. रक्तात मोजक्याच पेशी सापडतात, कडेने केसांसारखे तंतू असलेल्या. फ्लोमध्ये मात्र चूक होत नाही: सीडी११सी, सीडी२५, सीडी१०३ आणि सीडी१२३ हे चारही ठसठशीत. २०११ मध्ये इटलीच्या संशोधकांनी दाखवलं की नेहमीच्या हेअरी सेलच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात बीराफ नावाच्या जनुकात एकच ठरावीक बदल असतो. आणि क्लॅड्रिबीन या औषधाच्या आठवडाभराच्या एका कोर्सने बहुतेकांचा आजार वर्षानुवर्षं शांत राहतो. हाच माणूस ‘पाणथरी वाढलीय, काहीतरी लिम्फोमा असेल’ म्हणून ढोबळ औषधांवर गेला असता, तर विनाकारण हाल झाले असते.

टी पेशींचेही संथ आजार आहेत. एक सांगते, कारण तो चुकतो फार. संधिवाताच्या रुग्णाच्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सारख्या कमी येतात, तोंड येतं, ताप येतो, आणि दोष औषधांना दिला जातो. कधी कधी रक्तात मोठ्या, दाणेदार लिम्फोसाइट असतात आणि फ्लोमध्ये सीडी३, सीडी८, सीडी५७ एकत्र दिसतात. हा लार्ज ग्रॅन्युलर लिम्फोसाइट ल्युकेमिया. नाव भयंकर, चाल बहुधा सौम्य.

पुन्हा मामांकडे. ओळख पटली, आता स्वभाव. सीएलएलच्या दोन रुग्णांचा पडदा हुबेहूब सारखा असू शकतो, आणि एकाला वीस वर्षं औषध लागत नाही तर दुसऱ्याला दोन वर्षांत लागतं. याचं कोडं १९९९ मध्ये बरंचसं उलगडलं. ‘ब्लड’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. एक इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या टेरी हॅम्ब्लिन यांच्या गटाचा, दुसरा न्यूयॉर्कचा. न्यूयॉर्कच्या लेखावर पहिलं नाव आहे राजेंद्र दामले. आडनाव वाचून मराठी कान टवकारले जाणारच, माझे झाले होते. त्याच लेखात पुढे कांती राय यांचंही नाव आहे, ज्यांच्या नावाने सीएलएलच्या पायऱ्या आजही मोजतात.

दोन्ही लेखांचं म्हणणं असं. बी पेशी गाठीत जाऊन तालीम घेते. तिथे तिच्या अँटिबॉडीच्या जनुकात मुद्दाम छोटे बदल केले जातात, म्हणजे पकड सुधारते. काही सीएलएल अशी तालीम झालेल्या पेशीतून निघतात, काही न झालेल्या. मूळ जनुकापेक्षा २ टक्के किंवा जास्त फरक असेल तर म्युटेटेड म्हणतात, आणि इथे म्युटेटेड ही चांगली बातमी आहे. हा शब्द ऐकून रडणारी माणसं मी पाहिली आहेत. हॅम्ब्लिन यांच्या रुग्णांत सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्या, बदल नसलेल्या लोकांचं मध्यम आयुर्मान ९५ महिने निघालं आणि बदल असलेल्यांचं २९३ महिने. हे आकडे आजच्या गोळ्यांच्या आधीचे आहेत, त्यामुळे कोणी ते स्वतःला लावून घेऊ नयेत. फरक किती मोठा आहे ते दिसावं म्हणून दिले.

जनुक वाचणं खर्चिक होतं, म्हणून लोक पृष्ठभागावर त्याची सावली शोधू लागले. दामले आणि मंडळींनीच सीडी३८ सुचवलं: ३० टक्के किंवा जास्त पेशींवर असेल तर आजार जरा घाईचा. मग झॅप-७० आलं; ते पेशीच्या आत असतं, मोजायला किचकट, आणि दोन लॅबची उत्तरं जुळत नाहीत. माझा त्याच्यावर फारसा जीव नाही. सीडी४९डी मात्र कामाचं. ते पेशीला गाठींच्या भिंतीला धरून ठेवणारं आकड्यासारखं प्रथिन आहे, आणि गाठीत राहिलेली पेशी तिथे पोसली जाते, वाढते. ज्यांच्या ३० टक्क्यांहून जास्त पेशींवर ते असतं त्यांच्या गाठी जास्त वाढतात आणि उपचार लवकर लागतात. म्हणजे खूण आणि लक्षण यांचा इथे सरळ संबंध दिसतो.

मामांचं सीडी३८ ४ टक्के होतं. चांगलं. पण सीडी३८ काळानुसार बदलू शकतं. अँटिबॉडीच्या जनुकाची नोंद मात्र जन्मभर तीच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पृष्ठभागावर दिसतच नाही: १७ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असणं किंवा टीपी५३ जनुक बिघडलेलं असणं. ते फिश नावाच्या, गुणसूत्रांवर चमकणारा रंग लावून बघण्याच्या तपासणीत आणि जनुकवाचनात कळतं. औषध सुरू करण्याआधी हे बघायलाच हवं, कारण ते बिघडलेलं असेल तर जुनी केमोथेरपी चालत नाही. १३ क्रमांकाच्या गुणसूत्राचा तुकडा एकटाच गळालेला असेल तर उलट दिलासा.

एवढ्या खुणा मोजल्या, पण उपचार कधी करायचे हे ठरवतो तो माणूस आणि त्याचं पोट, मान, काखा. राय यांची १९७५ ची पद्धत अजून चालते ती याचमुळे: नुसत्या लिम्फोसाइट वाढल्या तर शून्य, गाठी आल्या तर एक, पाणथरी किंवा यकृत वाढलं तर दोन, हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तीन, प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या तर चार. हात आणि साधी सीबीसी पुरते. मामा शून्यावर.

मामांना पटेना. “कॅन्सर आहे म्हणतेस आणि औषध नाही?” सीएलएलमध्ये नुसता काउंट वाढला म्हणून औषध देत नाहीत. लक्षणं नसताना लवकर केमो दिली तरी आयुष्य वाढलं नाही, हे जुन्या मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. औषध द्यायचं ते लिम्फोसाइट सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, हिमोग्लोबिन १० च्या खाली घसरलं, पाणथरी बरगडीखाली सहा सेंटिमीटर उतरली, सहा महिन्यांत दहा टक्के वजन गेलं, किंवा रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम महिनाभर येत राहिला, तर.

मधल्या काळात बघायचं ते वेगळंच. या पेशी भरमसाट असल्या तरी कामाच्या नसतात. चांगल्या अँटिबॉडी कमी पडतात, म्हणून छातीचे संसर्ग, नागीण. लसी घ्यायच्या, पण जिवंत जंतूच्या नाहीत. कधी शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागतं. हिमोग्लोबिन अचानक उतरलं आणि डोळे पिवळे झाले तर कूम्ब्स टेस्ट करायची. आणि एक चमत्कारिक लक्षण: डास चावला की रुपयाएवढी गांधी, कधी फोड. सीएलएलच्या काही रुग्णांत ही प्रतिक्रिया नोंदलेली आहे. मामांच्या पोटरीवर गेल्या पावसाळ्यात असे तीन फोड आले होते आणि मामीने हळद लावून विषय संपवला होता. कोणाला काय माहीत. एखादी गाठ मात्र भराभर वाढली, ताप आला, तर थांबायचं नाही. थोड्या रुग्णांत सीएलएलचं आक्रमक लिम्फोमात रूपांतर होतं, त्याला रिश्टर म्हणतात.

तिसऱ्या प्रकारच्या ओळी राहिल्या, औषधाच्या. जी खूण आपण ओळखीसाठी वापरतो तिलाच धरून पेशी मारता येते. सीडी२० वर बसणारं रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं; २००७ पासून भारतात बनलेलं त्याच प्रकारचं औषध मिळतं, किंमत त्यामुळेच थोडी आवाक्यात आली. ते देण्याआधी हिपॅटायटिस बी तपासायचं, नाहीतर दबलेला विषाणू उसळतो. आणि रिटुक्सिमॅब घेतलेल्या माणसाचं रक्त फ्लोला पाठवताना फॉर्मवर तसं लिहा, हात जोडून सांगते. औषध सीडी२० वर बसलेलं असतं, आमची अँटिबॉडी चिकटत नाही, आणि ‘सीडी२० निगेटिव्ह’ असं चुकीचं उत्तर छापलं जातं.

सीडी१९ वर नेम धरणारी कार-टी पेशी, म्हणजे लॅबमध्ये बदल करून परत दिलेली रुग्णाचीच टी पेशी, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून बनवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. ती परतून आलेल्या बी-सेल लिम्फोमा आणि ॲक्यूट ल्युकेमियासाठी आहे. मामांसाठी नाही, पण त्यांच्या रिपोर्टमधल्या पहिल्याच ओळीचा हा उपयोग आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

सीएलएलच्या हल्लीच्या गोळ्या, इब्रुटिनिब किंवा अकालाब्रुटिनिब, पृष्ठभागाला हात न लावता आतला निरोप तोडतात. त्या सुरू केल्यावर पेशींची गाठींवरची पकड सुटते आणि त्या रक्तात येतात. गाठी विरघळत असतात आणि काउंट मात्र चढतो. अशा वेळी ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणून गोळी बंद केलेली माणसं असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मामांचं ऑपरेशन झालं. सीएलएलचा त्याला अडथळा नव्हताच. आठव्या दिवशी नव्या डोळ्याने त्यांनी रिपोर्ट पुन्हा वाचला आणि फोन केला.

“सगळ्यांना सीडीचा नंबर आहे. मग या एफएमसी७ ला पाटी का नाही?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. एफएमसी म्हणजे ऑस्ट्रेलियातलं फ्लिंडर्स मेडिकल सेंटर, जिथे ही अँटिबॉडी बनली. ती ज्याला चिकटते ते वेगळं प्रथिन नाहीच. ते सीडी२० च आहे, एका विशिष्ट ठेवणीत उभं असलेलं. सीएलएलमध्ये सीडी२० मुळातच मंद, म्हणून ती ठेवण दिसत नाही आणि उत्तर निगेटिव्ह येतं. आधीच नोंदलेली गाडी, म्हणून दुसरा नंबर मिळाला नाही.

“बरोबर,” मामा म्हणाले. “एका चासीला दोन नंबर आम्हीही द्यायचो नाही.”